रजिस्टर

चौतीस वर्षं उदगीरच्या फिल्टर हाऊसवर होतो मी.
तुरटीचे डोस, वाळूच्या बेडचं बॅकवॉश,
वॉल खोल, वॉल बंद.
पाण्याकडं बघून सांगायचो
रात्री तलावात कुणाच्या म्हशी उतरल्या होत्या.

परवा नुजहतनं दंडाला रबर बांधलं.
खाजा लाइनमनची धाकटी,
कोर्टाच्या मागं, झेरॉक्सच्या वर
आता तिचीच लॅब.
शीर सापडेना.
"पाणी कमी पडायलंय बगा काका, पिता का नाही?"
हसू आलं मला.
आठव्या दिवशी नळ येणाऱ्या गावात
पाणी सोडणारा माणूस
लोकांसमोर तांब्या तोंडाला लावत नाही.
ते अंगात मुरलं, ते मुरलंच.

संध्याकाळी रिपोर्ट.
क्रिएटिनिन एक पॉइंट तीन.
हद्दीच्या काठावर, पण आत.
बाण नाही, जाड अक्षर नाही.
केवळाबाईनं कागद देवापुढं ठेवला,
वर साखरेचे चार दाणे.

नुजहत मात्र म्हणाली,
"हा आकडा मांसातून येतो, काका.
मांस झडलं की तोही उतरतो.
तुमचे दंड बगा की."
बघितले.
आठ इंची वॉलचं चाक फिरवणारे दंड
बाहीत शोधावे लागले.
म्हणजे मी वाळत गेलो
म्हणून कागदावर बरा दिसतो.

"वय धरून हिशोब केला तर सत्तावन्न येतात.
ह्या वयात थोडं उतरतंच, लगेच घाबरू नका.
पण अजून एक तपासणी असती, सिस्टॅटिनची,
तिला तुमच्या दंडांचं फारसं देणंघेणं नाही.
नमुना हैदराबादला जातो.
लघवी पण द्या, सकाळची.
आणि गुडघ्याची गोळी कोण देतंय तुम्हाला?"
कोण म्हणजे? मेडिकलवाला.
पिवळी. चहासोबत. अकरा वर्षं.
तिनं पेन खाली ठेवला.

रात्री झोप नाही.
एक मे महिना आठवत राहिला.
क्लोरीन संपलेलं, गाडी लातुरात अडकलेली,
एक नाही, दोन नाही, तीन दिवस.
नळीत ओटीचे थेंब टाकले
आणि पाणी पिवळं झालंच नाही.
हलवली. उजेडात धरली.
काचेसारखं, आरपार.
रजिस्टरात लिहिलं : शून्य पॉइंट पाच.
सही. वेळ सकाळी सहा.
इतकं नितळ पाणी, त्याला काय धाड भरलीय,
असं मीच मला म्हणालो.
त्या आठवड्यात कुठल्या गल्लीत
कुणाला जुलाब लागले, कोण दवाखान्यात गेलं,
मी विचारलं नाही.
मलाही कुणी विचारलं नाही.

सकाळी बाटली भरली.
जुनी सवय, उजेडात धरलीच.
वर फेस. बराच वेळ बसेना.
तलावावर असा फेस आला की
तुरटी वाढवायचो आम्ही.
इथं काय वाढवायचं?

नुजहतनं चिठ्ठी चिकटवली, नाव लिहिलं,
वय लिहिलं, शहात्तर.
"वेळ? सहा टाकू का?"
"सहा नाही," मी म्हणालो,
"सात वीस झाले होते.
जे आहे तेच लिही."
जरा जोरातच म्हणालो असेन,
बाकावरची माणसं वळून बघायला लागली.

उत्तर यायला चार दिवस.
घरी आलो तर केवळाबाई
गुडघे धरून उंबऱ्यावर बसलेली,
एका हातात चहाची बशी,
पदराच्या गाठीत
तीच पिवळी गोळी, माझ्याच पट्टीतली.

तिची शीर
अजून कुणी शोधलीसुद्धा नाही.